निरोपांच्या वाटेने आलेला गुंता

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहणार नाही. मला चाक नाही, पाते नाही, गंज चढायला पत्राही नाही. मी एक जुनी चेतापेशी आहे. शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या मेंदूत, कानाच्या बरेच आत, माझा मुक्काम आहे. अंगावरची कातडी झडते आणि नवी येते; माझ्या जागेवर मात्र बदली कोणी येत नाही. बाई जन्मली तेव्हापासून मी इथेच आहे. आणि हल्ली मी सारखी घाबरलेली असते.

माझे काम निरोप्याचे. बाईने आत्ता जे पाहिले, ऐकले, केले, ते शेजारणीकडून घ्यायचे आणि आठवणी पक्क्या होतात त्या कोठीकडे पुढे द्यायचे. कात्री कुठे ठेवली, गिऱ्हाइकाने गळा बंद सांगितला की खोल, मुलगी घरी आली का, हे सारे आमच्या हातांतून पुढे जाई. माझ्या एकटीच्या नव्हे. आम्ही असंख्य जणी साखळी करून उभ्या होतो. "बाईंची नजर म्हणजे मोजपट्टीच," असे लोक म्हणत. कौतुक नजरेचे होई, बोटांचे होई. आमचे नाव कोणी काढत नसे, आणि खरे तर तेच बरे होते. मेंदूतल्या पेशींची चर्चा घरात सुरू झाली, की समजावे, काहीतरी बिनसले.

माझ्या पोटातही एक कारखाना आहे. तिथे प्रथिने तयार होतात. प्रथिन सुरुवातीला नुसता लांब दोरा असते. त्याची ठरलेली घडी पडली, तरच ते कामाचे. घडी चुकली, तर मदतनीस प्रथिने ती उलगडून पुन्हा घालतात. तरीही जमले नाही, तर त्यावर खूण चिकटवली जाते, त्याचे तुकडे होतात आणि ते तुकडे नव्या कामाला लागतात. तरुणपणी माझ्या घरात कचरा साचत नसे.

त्यांतले टाऊ नावाचे प्रथिन माझे लाडके. माझ्या लांबलचक शेपटीत बारीक नळ्या आहेत, त्यांवरून सगळा माल पुढे जातो. टाऊ त्या नळ्यांना टाक्यांसारखे धरून ठेवी. पुढे वय झाले. मदतनीस थकले, तुकडे करणारी यंत्रे मागे पडू लागली. काही टाऊ नळ्यांवरून सुटले, त्यांची घडी बिघडली आणि ते एकमेकांना चिकटू लागले. बाहेर, आम्हा पेशींच्या मधल्या जागेत, अमायलॉइड नावाच्या दुसऱ्या प्रथिनाची ढेकळे आधीच साचत होती. सफाई करणाऱ्या पेशी त्यांच्याभोवती जमल्या, चिडल्या, आणि त्या धुमश्चक्रीत चांगल्या शेजारणीही जखमी झाल्या.

सगळ्यात भयंकर गोष्ट पुढेच आहे. मला अगदी लागून असलेली शेजारीण माझ्याआधी गुंत्याने भरली. बिघडलेली घडी चांगल्या प्रथिनालाही आपलेच वळण लावते, आणि ती एका पेशीतून दुसरीत शिरते. कोणत्या वाटेने? ज्या वाटेने निरोप येतो, त्याच वाटेने. तेव्हापासून शेजारणीची हाक आली, की माझा थरकाप होतो. हाक घेतली नाही, तर बाईचे आजचे जग आत पोचणार नाही. घेतली, तर तिच्यासोबत काय येईल?

बाहेरच्या जगात हे प्रथम कळले ते एका बाहीमुळे. सुळसुळीत कापड सरकते, म्हणून बाई त्याच्या दोन्ही बाह्या एकदम कापत नसे. एक कापायची, ती उलटी ठेवायची आणि तिच्यावरून दुसरी कापायची. त्या दिवशी तिने डावी बाही कापून बाजूला ठेवली, आणि आमच्याकडून निरोप पुढे गेलाच नाही. तिने पुन्हा डावीच कापली.

बाईच्या दुकानातले इस्त्रीवाले काका दोन्ही बाह्या हातात धरून म्हणाले, "बाई, आता दोन डाव्या हातांचं गिऱ्हाईक शोधा बुवा!"

बाई हसली. मग तिचे हसू उतरले. "ही मी कापलेली नाही. माझ्या टेबलाला कोणीतरी हात लावलाय."

"अगं आई, कोण लावणार?" लेक म्हणाली. "इथे आपण तिघंच तर आहोत."

"तेच म्हणतेय मी," बाई म्हणाली, आणि आळीपाळीने दोघांकडे पाहू लागली. आईची अशी नजर लेकीने पूर्वी कधी पाहिली नव्हती.

तपासण्या झाल्या. "विसरण्याचा आजार आहे. त्याचा वेग थोडा कमी करायचा प्रयत्न करू," डॉक्टर म्हणाले. "मागे आणता येणार नाही." दुकान बंद झाले. काका इस्त्री घेऊन दुसरीकडे गेले.

घरी बाई एकच प्रश्न विचारू लागली. "तू जेवलीस का गं?" लेक सांगे, जेवले. ते उत्तर माझ्या दारापर्यंत येई आणि तिथेच गळून पडे. बाई पुन्हा विचारी. एका दुपारी लेकीचा आवाज चढला. "आई, किती वेळा सांगू? आत्ताच सांगितलं ना!"

बाई दचकली. आपले काय चुकले ते तिला कळेना. काहीतरी चुकले, एवढे मात्र कळले. तिने विचारणे सोडून दिले. ती तोंड उघडी, लेकीचा चेहरा पाही आणि मिटून घेई. मित्रांनो, पोटातल्या गुंत्यापेक्षा मला त्या मिटलेल्या तोंडाची जास्त भीती वाटली. तिने विचारणेच थांबवले, तर आम्ही उरलेल्या जणींनी जागे राहायचे कशासाठी?

लेकीच्याही ते लक्षात आले. ती आईला खेटून बसली. "काही विचारायचंय का?"

"नको बाई. तू रागावतेस."

लेकीने तिचा हात हातात घेतला. "नाही रागावत. विचार."

बाईने जरा अंदाज घेतला. "तू जेवलीस का गं?"

"जेवले, आई."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. "जेवले, पोटभर." आणि पुन्हा. "जेवले गं. तुझ्या हातचं नव्हतं, म्हणून मीठ कमी होतं."

"मग मला हाक मारायची नाही का, वेडे!" बाई म्हणाली, आणि खुदकन हसली.

शेजारणीची हाक आली. तिच्या घरात आता गुंत्याशिवाय फारसे काही उरलेले नाही. मी भीत भीतच ती घेतली. पुढे पोचली की नाही, मला सांगता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी तेच ते विचारू लागले, तर त्यांना हट्टी म्हणू नका. उत्तर त्यांच्यापर्यंत पोचलेलेच नसते. पुन्हा सांगा. आणि सांगताना चेहरा सांभाळा. तुमचे शब्द माझ्या वाटेने जातात, आणि माझ्या वाटेचा आता भरवसा नाही. राग आणि जिव्हाळा दुसऱ्या वाटेने जातात, ती वाट खूप उशिरापर्यंत उघडी असते. आपण काय विचारले होते, ते बाईला आठवत नव्हते. लेक रागावली होती, हे आठवत होते.