दोर हालला का?

ओल्या मातीत उतरू नका, असं त्या सकाळी मी माझ्या दिराला दोनदा सांगितलं. शिमोन हसला. "वयनी, तुमाले तं सुक्यात बी भेव लागते," म्हणाला, कमरेला दोर बांधला आणि विहिरीत उतरला.

खोटं नव्हतं ते. मी जातिवंत भित्री. देवावर भरवसा आहे माझा, पण भ्यायचं काम मी कधी त्याच्यावर सोडलं नाही. ते माझं मीच करते.

हिंगणी गावाच्या अलीकडे आम्हा ख्रिस्ती लोकांची तीन घरांची वाडी. चैत्र सरला की नाल्याच्या वाळूत झिरा उकरायचा आणि वाटीवाटीनं पाणी भरायचं, असे आमचे उन्हाळे. म्हणून सत्तावन्न साली शिमोननं वाडीची विहीर खोदायला घेतली. धंदाच होता त्याचा तो. जोडीला गावातला म्हातारा डोमाजी आणि त्याच्या हाताखालचा हिरालाल. वीस हात खोल गेली होती. वर काळी माती, खाली मुरूम. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला आणि ती काळी माती पाणी पिऊन फुगली.

खाली उतरणाऱ्याच्या कमरेच्या दोराचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात असतं. एक हिसका म्हणजे घमेलं ओढा, दोन म्हणजे मला ओढा. हिरालाल भाकर खायला बसला होता, म्हणून दोर धरला होता नलूनं. नलू म्हणजे शिमोनची बायको, माझी धाकटी जाऊ.

फार आवाज झाला नाही. धान्याचं पोतं उलटं केल्यावर होतो तेवढाच. वाकून पाहिलं तर तळ चार हात वर आलेला, आणि शिमोन नाही.

नलू ओरडली नाही. दोर मातीत शिरला होता, तो दोन्ही हातांनी धरून बसली. ओठ हलत होते. "बापा, तू खाली हायेस, मी नाई. त्याले धरून ठेव." एवढंच, पुन्हा पुन्हा. मला तर तेवढंही येईना. देवाचं नाव घ्यायला तोंडात थुंकी लागते, ती वाळून गेली होती.

डोमाजी आणि हिरालाल खाली उतरले. आम्ही बाया घमेली ओढू लागलो. सूर्य डोक्यावर आला तेव्हा हिरालाल घाम पुसायला वर आला आणि काठाकडे बघतच राहिला. काठापासून हातभर अंतरावर जमिनीला भेग पडली होती. मी ती केव्हाच पाहिली होती. आधी तीत माझं बोट जात होतं, आता मूठ जात होती. सांगायची हिंमत झाली नव्हती.

हिरालालनं डोमाजीला वर बोलावलं. ही बाजू आली की आपण दोघं गेलो, म्हणाला. पाण्यातल्या आसरांना शिमोननं नारळ दिला नाही, नुसता हात जोडून बाजूला उभा राहिला, त्याचंच हे, असंही म्हणाला.

"नारळ म्या फोडला होता, हिऱ्या," डोमाजी म्हणाला. "खोबरं तुनंच खाल्लं."

मग तो नलूपुढे उकिडवा बसला. त्याचा आवाज उतरला होता. "पोरी, जित्या मानसासाठी मी मरीन. पन मेलेल्यासाठी या हिऱ्याले मारनार नाई. खरं सांग. दोर हालला का?"

मी तिच्या दंडाला चिमटा काढला. हो म्हण, नले. एक शब्द. नवरा तुझा आहे.

नलूनं हातातल्या दोराकडे पाहिलं. तळवे सोलून निघाले होते. "नाई, काका," ती म्हणाली. "एकदा बी नाई हालला. पन तो हाये. खना."

हिरालाल डोक्याचा शेला सोडून कमरेला गुंडाळू लागला. निघायचीच तयारी ती. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हालला. आत्ताच. म्या पायलं."

नलूनं माझ्याकडे वळून पाहिलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

डोमाजीनं आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघितलं, हिरालालला वरच थांबायला सांगितलं आणि उतरला. हिरालालनं आसरांना, डोमाजीला आणि मला एकेक शिवी दिली आणि मागोमाग तोही उतरला.

ती दुपार माझ्या वैऱ्याला न येवो. मी भेगेवर हात ठेवून बसले, जशी काही माझ्या हातानं जमीन थांबणार होती. आता एकाच्या जागी तीन माणसं खाली होती, आणि दोन माझ्या जिभेवर गेली होती. नलूच्या हातातला दोर तसाच. सरळ, मुका.

सूर्य बोरच्या डोंगराकडे कलला तेव्हा खालून खणायची सब्बल लोखंडावर वाजल्याचा आवाज आला.

घमेलं होतं ते. मुरमाच्या खबदाडीत शिमोन अंग चोरून दबला होता आणि तोंडावर ते घमेलं पालथं पडलं होतं. मुरमाच्या फटींतून त्याखाली झिरपणाऱ्या हवेवर तो जगला. वर आणला तेव्हा मातीचाच पुतळा. नलूनं तेव्हा कुठे हातातला दोर सोडला आणि पदरानं त्याचे डोळे पुसले.

बाजेवर पडल्यावर त्याच्या अंगात जरा धुगधुगी आली, तशी हिरालालनं विचारलं, दोराला कितीदा हिसका दिला बे?

"हिसका?" शिमोन म्हणाला. "माह्ये दोन्ही हात छातीखाली दबले होते. बोट बी हालत नव्हतं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी जमिनीवरची एक मुंगी बघू लागले.

डोमाजीनं शिमोनच्या कमरेकडे बोट दाखवलं. दोराचा वीतभर तुकडा, टोकाशी पिंजलेला. "दरड आली तवाच तुटला," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा उतरलो, अन् पयल्याच घमेल्यात वरचं टोक माह्या हाती आलं. दगडाखाली दाबून ठेवलं, तुमाले दिसू नये म्हून."

"मंग वर काऊन नाई आले, काका?" मी कसंबसं विचारलं.

"तुह्या म्हनन्यानं उतरलो असं समजते का? तुले तं दोरीत बी साप दिसते." त्यानं विडी पेटवली. "या पोरीनं नवऱ्याच्या जिवासाठी बी खोटं नाई सांगितलं. अन् तेच पोरगी म्हनते, तो हाये. मंग मी दोराचं आयकू का तिचं?"

दुसऱ्या दिवशी भेगेची ती बाजू आपोआप आत गेली. खाली कोणी नव्हतं.

त्याआधी, शिमोनला वर काढला त्याच संध्याकाळी, मी नलूच्या तळव्यांना हळद-तेल लावत होते. मान वर करायची लाज वाटत होती. तीच म्हणाली, "बाई, तुमी हालला म्हटलं, तवा मी नाई म्हनाले पायजे होतं. पन म्हटलं नाई. पाप लागलं तं अर्धं माह्यं."

विहिरीला पाणी पुढच्या साली लागलं. गोड आहे. मी आजही काठापासून दोन हात लांब उभी राहते, नलू वाकून भरते. पण तिच्या बादलीचा दोर मागून मीही धरून असते.