एकशे तीसची लाल रेघ

मी उंची मोजायची पट्टी. शाळेच्या व्हरांड्यात, मोठ्या बाईंच्या खोलीशेजारी भिंतीला ठोकलेली. अंग लाकडी, रंग पिवळा, आकडे काळे आणि एकशे तीसवर एक लाल रेघ. माझ्यापुढे आजवर किती पोरांनी गुपचूप टाचा उचलल्या, किती जणींनी वेणी डोक्यावर गोळा केली, ते सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही. पण मी कुणालाही एका सेंटीमीटरची सूट दिली नाही. त्याचा मला भारी तोरा होता.

लाल रेघेमागे एक भानगड आहे. व्हरांड्याच्या टोकाला घंटा आहे. पूर्वी ती वाजवायला पोरं उड्या मारायची. एकाची हनुवटी फुटली, तेव्हा बाईंनी नियमच केला, की एकशे तीस भरेल त्यानेच घंटेला हात लावायचा. तेव्हापासून माझा भाव वधारला.

शिंप्याची लेक मात्र वाढायचं नाव घेत नव्हती. इवलीशी, म्हणून सगळे तिला खोडरबर म्हणत. रोज मधल्या सुट्टीत ती मला पाठ टेकवून उभी राहायची आणि झाडणाऱ्या मावशींना हाक मारायची, "मावशी, आज?"

"अगं, कालच मोजलं ना? एका दिवसात ताडमाड होणार आहेस का?"

तिसरी संपत आली तेव्हा ती एकशे सव्वीस होती. आमची शाळा चौथीपर्यंतच, म्हणजे तिच्या हाती एकच वर्ष उरलं होतं. आणि नेमकी साथ आली, शाळा बंद झाली.

साथ म्हणजे काय, मला कुठलं कळायला! वाटलं, सुट्टी असेल. पण सुट्टी संपेचना. बाक बाहेर आले, वर्गांत खाटा गेल्या, तोंड बांधलेली माणसं ये-जा करू लागली. मोठी माणसं एवढी घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती. काही महिन्यांनी खाटा गेल्या. मग गवंडी आणि रंगारी आले. मला काढून कोपऱ्यात उभं केलं, भिंतीच्या पायथ्याला नव्या फरशीची उभी कड बसवली, रंग दिला आणि घाईघाईत मला परत ठोकलं.

नंतर बाई एकट्याच येऊ लागल्या. पुस्तकांच्या थप्पीला मोबाइल टेकवायचा आणि रिकाम्या बाकांसमोर शिकवायचं. "ऐकू येतंय का रे?" असं त्या दर दोन मिनिटांनी विचारायच्या. एवढ्याशा डबीत चाळीस पोरं कशी मावतात, याचा मी फार विचार केला. एकदा त्या डबीतून ओळखीचा आवाज आला, "बाई, मी एकशे बत्तीस झाले! बाबांनी मोजलं!"

"शाळा उघडू दे, मग वाजव हं," बाई म्हणाल्या.

शाळा उघडली नाही. चौथी संपली. वडिलांचं बोट धरून ती शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. बाई काही म्हणायच्या आत चपला काढून माझ्यापाशी उभी राहिली. मावशींनी तिच्या डोक्यावर पाटी आडवी धरली.

"एकशे सत्तावीस," मावशी हळूच म्हणाल्या.

"पण घरी बत्तीस भरले होते!" तिचे डोळे भरून आले.

टेप ढिली धरली असेल, मी मनात म्हटलं. तरी प्रश्न पडलाच. वर्षभरात एकच सेंटीमीटर? पोरीला पोटभर मिळालं नाही की काय? मला फार वाईट वाटलं.

शिंप्याने गळ्यातली टेप काढली. "बाई, आमच्या धंद्यात माप चुकलं की कापड वाया जातं. जरा बघतो." तो खाली बसला, टेपचं टोक जमिनीला लावलं आणि हसायलाच लागला. "अहो, या पट्टीचे पाय जमिनीला कुठे आहेत? नव्या फरशीच्या डोक्यावर उभी केलीय हिला. चांगली पाच सेंटीमीटर वर!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय कशावर तरी टेकलेत, एवढंच मला ठाऊक होतं. कशावर, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मावशी हसल्या, बाई हसल्या. ती मात्र हसली नाही. "म्हणजे मी वाजवू?"

"वाजव. मन भरेपर्यंत वाजव."

तिने घंटा वाजवली. रिकाम्या शाळेत ती केवढी घुमली! समोरच्या घरांच्या खिडक्या भराभर उघडल्या आणि पोरं ओरडली, "बाई, शाळा उघडली?" बाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

आता शाळा खरंच उघडलीय. खोडरबर मोठ्या शाळेत गेली. मी अजून तिथेच, तशीच वर ठोकलेली आहे. मावशींनी एकशे पंचवीसवर नवी लाल रेघ मारून दिलीय, म्हणून माझी अब्रू वाचली. परतलेली पोरं वाचताना अडखळतात, पाढे विसरतात. कुणी ना कुणी वही-पेन घेऊन येतं, त्यांची परीक्षा घेतं आणि "फार मागे पडलीत" असं लिहून जातं.

मोजा हो, जरूर मोजा. पण एखादं पोर कमी भरलं, तर त्याला रडवण्याआधी एकदा खाली वाका. पट्टीचे पाय कुठे टेकलेत, तेवढं बघा.