नुसती होडी

प्रियदर्शनीने कंट्रोलर सासऱ्यांच्या हातात दिला आणि त्यांचा डावा अंगठा धरून छोट्या दांडीवर टेकवला.

"अण्णा, ही पुढं ढकलली की माणूस चालतो."

पडद्यावरचा टोपीवाला शेतकरी दोनदा स्वतःभोवती फिरला आणि विहिरीच्या कठड्याला जाऊन धडकला. भूपाल अण्णांनी चष्मा सारखा केला, ऑपरेशन झालेला गुडघा उशीवर नीट ठेवला आणि पुन्हा अंगठा टेकवला.

गुडघ्यासाठी कोडोलीहून आलेले अण्णा दोन महिने कोल्हापुरात राजारामपुरीतल्या या फ्लॅटमध्ये होते. रान पुतण्या सम्राट बघत होता, म्हशींपायी सासूबाई गावीच राहिल्या होत्या, आणि तिचा नवरा अभिनंदन सकाळी फाउंड्रीत जाई तो दिवे लागल्यावरच परते. उरत ते हे दोघं. सून दिवसभर टीव्हीपुढे बसून गेम खेळते आणि त्याला काम म्हणते, यावर अण्णा एक अक्षर बोलले नव्हते. ते न बोलणंच तिला जड जात होतं.

काम मात्र खरंच होतं. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विच या तिन्ही कन्सोलवर आलेले नवे गेम खेळून बघायचे आणि त्यातले घेण्याजोगे पाच महिन्याअखेरीस आपल्या चॅनेलवर अस्सल कोल्हापुरीत सांगायचे. लोक तिच्या शब्दावर गेम घेत. या महिन्यात शेतीचा एक गेम तिन्ही कन्सोलवर एकदम आला होता आणि तिने तो पहिल्या नंबरावर ठेवलाही होता. एका खऱ्या शेतकऱ्याने तो खेळून बघावा, म्हणजे अण्णांचाही वेळ जाईल, असं तिच्या मनात होतं.

अर्ध्या तासात अण्णांचा हात बसला. त्यांनी नांगरलं, पेरलं, पाणी दिलं. गहू पिवळा झाला. कापणी झाली. दुसऱ्यांदा पेरला, तोही पिकला. तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, चांगलं हाय. तिच्या बिनसाखरेच्या चहालाही ते रोज असंच म्हणत. म्हणून तिने टिपणांची वही मिटली आणि खरं सांगा म्हणाली.

अण्णांनी पडद्यावरच्या गव्हाकडे बोट दाखवलं.

"पीक दर खेपेला येतंय की."

"मग बरंच आहे ना?"

"पाऊस वेळेवर. रोग न्हाय, डुकरं न्हाय. जिवाला घोर न्हाय, त्याला शेती कसं म्हणायचं?"

प्रियदर्शनी हसली, पण तिने वही पुन्हा उघडली. गेल्या आठवड्यात तो गेम खेळताना आपल्याला मधेच झोप का आली होती, ते तिला आत्ता कळत होतं. तिने पहिल्या नंबरावरचं नाव खोडलं.

कंट्रोलर परत घ्यायला तिने हात पुढे केला. अण्णांनी तो दिला नाही. आणखी काय हाय, असं विचारलं. तिने सांगितलं, मोटारींची शर्यत आहे, फुटबॉल आहे, बर्फातल्या गावात चोर शोधायचा एक आहे. आणि एक होडीचा.

"त्यात फार काही घडत नाही, अण्णा. नुसती होडी. बेटं शोधत जायचं."

"त्योच लाव."

तिने तो लावला. निळं पाणी पडदाभर पसरलं. या खेपेला अण्णा कशालाच धडकले नाहीत. वारा कुठून येतो ते बघून त्यांनी शीड फिरवलं. हे तिने त्यांना शिकवलं नव्हतं.

"नेव्हीत निवड झालती माझी," पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "चौऱ्याहत्तर साली. एकोणीस वर्साचा होतो. भरतीला गेलतो गुपचूप. कागद आला तवा आमचं वडील, बापू, म्हणालं, रान कोण बघणार?"

"मग?"

"मग काय. ऊस लावला."

वाईट नाही वाटलं का, असं तिने हळूच विचारलं. तवा वाटलं, अण्णा म्हणाले. पुढं रानाचाबी लळा लागला. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. काल बाजारातून काय आणलं ते सांगावं, तसं ते सांगत होते.

"गावी आईंना माहीत आहे?"

"न्हाय. कुणी इचारलंच न्हाय."

थोड्या वेळाने प्रियदर्शनी उठून स्वयंपाकघरात गेली. अण्णा जैन रिवाजाप्रमाणे सूर्य मावळायच्या आत जेवत आणि खिडकीतलं ऊन आता समोरच्या इमारतीच्या टाकीवर चढलं होतं. तिने भाकरी, दोडक्याची भाजी आणि दही वाढून ताट त्यांच्यासमोर ठेवलं. अण्णांनी ताटाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग कंट्रोलर तिच्या हातात दिला.

"जरा धर."

त्यांनी भाकरी मोडली. पहिला घास तोंडात गेला, तरी डोळे पडद्यावरच्या पाण्यावरच होते.

"उजवीकडं नगं घेऊ," ते म्हणाले. "खडक हाय तितं."

प्रियदर्शनीने होडी सरळ धरली.