अर्ध्या मुलांची गोळी

सुमती नागपुरातल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. एकोणऐंशी साली दिल्लीहून एक नवी योजना निघाली. आकड्यांचा माणूस आणि डॉक्टर यांनी जोडीनं संशोधन करायचं ठरवलं, तर सुरुवातीपुरतं अनुदान मिळणार होतं, आणि काम नीट उभं राहिलं तर पुढे मोठं. ही बातमी घेऊन मुलांचे डॉक्टर मनोहरराव स्वतःच तिच्या स्टाफरूममध्ये आले. त्यांच्याकडे सिकलसेलची मुलं यायची. या मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, हातपाय ठणकतात, आणि साध्या तापात मूल बघता बघता हातचं जातं. रोज पेनिसिलिनची गोळी दिली तर ही मुलं वाचतील, असं त्यांना वाटत होतं. पण डॉक्टरला वाटतं म्हणून सरकार गावोगाव गोळ्या वाटणार नव्हतं.

"मला हे सिद्ध करून पाहिजे, सुमतीबाई," ते म्हणाले. "आणि तेच मला येत नाही."

सुमतीनं आखणी केली. निम्म्या मुलांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कोणती, ते चिठ्ठ्या टाकून ठरणार, आणि ते सुमतीशिवाय कुणालाच कळणार नाही. ना मुलांच्या आयांना, ना नर्सला, ना डॉक्टरांना. मनोहरराव हो म्हणाले. नव्या औषधाची तपासणी चालू आहे, एवढंच आयांना सांगायचं ठरलं. त्यात काही गैर आहे, असं तेव्हा दोघांच्याही मनात आलं नाही.

तिला दवाखान्यात जायची तशी गरज नव्हती. तरी दर गुरुवारी ती जायची, कारण तिथे गोपिका भेटायची. गोपिकेची आई रंभाबाई भिवापूरला मिरच्यांचे देठ खुडायच्या कामावर होती आणि एसटीनं लेकीला घेऊन यायची. चार वर्षांची पोर सरळ सुमतीच्या टेबलावर चढून बसे.

"तू सुई टोचते का?" तिनं पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"नाही. मी मोजते."

"मंग मले मोज."

सुमतीनं तिच्या नाकावर बोट ठेवून "एक" म्हटलं, आणि पोर खुदकन हसली.

गोपिकेची चिठ्ठी कुठल्या बाजूला पडली होती, ते सुमतीला माहीत होतं. ती त्याचा विचार करायचं टाळायची. ते वर्ष पोरीला बरं गेलं. अंग भरलं, दुखणं कमी झालं. रंभाबाई सगळ्यांना सांगायची की बाईच्या गोळीनं पोर सुधरून राहिली. सुमती तेव्हा हातातले कागद चाळत बसायची.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात मुलं दगावू लागली. सुमतीनं हिशेब मांडला, तर मृत्यू जवळजवळ सगळे एकाच बाजूला होते. पण एवढ्या थोड्या मुलांत असं योगायोगानंही घडू शकतं. आत्ताच थांबलो तर दिल्लीत कोणीतरी आकडे अपुरे म्हणेल, आणि मग ही गोळी कुठल्याच मुलाला मिळणार नाही. हा युक्तिवाद ती वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आली होती, आणि त्यात चूक नव्हती. दिवाळीनंतर पुन्हा बघू, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि मनोहररावांना काही बोलली नाही.

दिवाळीच्या आधी गोपिकेला ताप भरला. भिवापूरहून वेळेवर गाडी मिळाली नाही. मिरच्यांच्या ट्रकमधून रंभाबाईनं तिला आणलं, तेव्हा पोर बेशुद्ध होती. सुमतीला सकाळी वॉर्डात गेल्यावर कळलं. रंभाबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. रडून झालं होतं.

"एक दिस बी गोळी चुकवली नाही मी," ती म्हणाली. "मंग काहून गेली जी माही पोर?"

सुमती तशीच मनोहररावांच्या खोलीत गेली आणि सगळे आकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी विचारलं, कधीपासून माहीत होतं? पावसाळ्यापासून, ती म्हणाली.  मनोहररावांनी बाहेर जाऊन सगळ्याच मुलांना खरी गोळी सुरू करायला सांगितलं.

दिल्लीचं म्हणणं पडलं की तपासणी अर्ध्यावर सोडल्यामुळे काहीच सिद्ध झालेलं नाही. मोठं अनुदान नाकारलं गेलं. मनोहरराव इकडून तिकडून पेनिसिलिन मिळवून आपल्या मुलांपुरतं भागवत राहिले. बाकी गावांत काहीच पोचलं नाही.

रंभाबाईला सांगू नका, असं त्यांनी सुमतीला परोपरीनं विनवलं. त्या बाईला कळून काय मिळणार? तरी सुमती भिवापूरला गेली. अंगणात मिरच्या वाळत होत्या. झोळीत धाकटी शामला निजली होती. तिच्याही रक्तात तोच आजार निघाला होता.

"गोपिकेच्या गोळीत औषध नव्हतं," सुमती म्हणाली. "कुणाला द्यायचं, कुणाला नाही, ते मी चिठ्ठ्या टाकून ठरवलं."

रंभाबाईला समजायला वेळ लागला.

"ते तुमच्यापाशी खेळे, तवा बी तुमाले मालूम होतं?"

"होतं."

रंभाबाई उठली, घरातून शामलेसाठी नुकतीच मिळालेली गोळ्यांची बाटली घेऊन आली. "ईच्यात औषध हाय का?"

"आहे. खरंच आहे."

"तवा बी तुमी गोळीच म्हनलं होतं."

 तेवढ्यात शामला उठून रडायला लागली. रंभाबाईनं तिला मांडीवर घेतलं.  मग एक गोळी चमच्यात चुरली, पाण्यात कालवली आणि लेकीच्या तोंडात घातली. पोरीनं तोंड वाकडं करून थुंकलं. रंभाबाईनं चमच्याला उरलेलं बोटानं चाटून पाहिलं.

"कडू हाय," ती म्हणाली. "गोपिकेची गोड राहे. मांगून मांगून खाये ते."

दिसण्यात गोळ्या सारख्या असाव्यात, याची सुमतीनं काळजी घेतली होती. चवीचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

रंभाबाईनं पुढं एकही महिना चुकवला नाही. शामलेला घेऊन ती भिवापूरहून यायची आणि गोळ्या घेऊन जायची. फक्त गुरुवारी कधी आली नाही.