अर्ध्या मिनिटाच्या अक्का

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढं सरका, कारण गोष्ट हळू आवाजात सांगायची आहे. राजाराणीची नाही, चमत्काराची तर नाहीच नाही. एका इस्पितळाच्या तळघरात, यंत्राशेजारी बसणाऱ्या बाईची आहे. पण परमेश्वर कुणाच्या हातून काय करून घेईल सांगता येत नाही, म्हणून कान इकडे ठेवा.

दुपारचे दोन वाजून तीन मिनिटं झाली होती. तळघरातल्या बंद खोलीत पंख्यांची घरघर चालू होती, आणि ती एकाएकी बसली. भरल्या घरात सगळ्यांचं बोलणं एकदम थांबावं आणि का थांबलं ते कुणालाच कळू नये, तशी. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची चवड उमटली. अक्कांनी चष्मा सावरून शेवटची ओळ गाठेपर्यंत दहा सेकंद सरले, अक्षरं पुसली गेली, पंख्यांनी पुन्हा सूर धरला. दीड मिनिटात यंत्र उठून बसलं. जसं काही झालंच नव्हतं.

"आज चौथा दिवस," अक्का स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांनी पायात चपला सरकवल्या.

आता या यंत्राची, म्हणजे सगळ्या वॉर्डांच्या नोंदी सांभाळणाऱ्या संगणकाची, रीत ऐका. त्यात शेकडो कामं एका वेळी चालतात, आणि त्या सगळ्यांवर एक मुख्य असतो. जाणकार त्याला कर्नल म्हणतात. फौजेतला नव्हे, पण दरारा तसाच. अक्का त्याला कारभारी म्हणायच्या. या कारभाऱ्याला कुणी रीतसर सांगितलं की बाबा, आता बंद कर, तर तो काय करतो? आधी प्रत्येकाला निरोप देतो, 'आवरा'. मग थोडी उसंत देतो. त्यातूनही जो ऐकत नाही त्याची मानगूट धरतो. मग हातात जे जे राहिलं असेल ते कायमच्या तबकडीवर उतरवतो, तबकडी मिटतो, आणि सगळ्यात शेवटी दिवा मालवतो. अक्कांनी याचं दोन ओळींचं गाणं केलं होतं. यंत्र बंद करताना त्या ते गुणगुणायच्या:

आधी निरोप, मग उसंत;
आधी लेखणी, मग अंत.

माणसाच्या जाण्याला तरी याहून चांगली रीत कुठली?

पण कधी कधी कारभाऱ्याचंच डोकं फिरतं. स्वतःच्या आठवणीत त्याला असं काही भलतंच दिसतं की आपल्यावरच त्याचा विश्वास उरत नाही. मग तो काहीही लिहीत नाही. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्यानं वहीला हात लावू नये, एवढं शहाणपण त्याच्यापाशी असतं. तो जागच्या जागी थांबतो, दहा अंक मोजतो आणि नव्यानं जन्म घेतो. आणि हातातलं? ते गेलं. लिहिणाऱ्याला पडद्यावर 'नोंद झाली' असं दिसलेलं असतं, पण ती नोंद अजून कारभाऱ्याच्या हातातच असते. तबकडीवर उतरायला तिला अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटात तो पडला, तर नोंद कधी झालीच नव्हती.

हे सगळ्या इस्पितळात एकट्या अक्कांना ठाऊक होतं. कसं ठाऊक झालं, ते येईल पुढं.

यंत्र पडलं की अक्का जिने चढायच्या. वॉर्ड एकूण सहा. प्रत्येक दारात उभं राहून एकच प्रश्न, "गेल्या अर्ध्या मिनिटात काय लिहिलंत? परत बघा." म्हणून नाव पडलं, अर्ध्या मिनिटाच्या अक्का. लोक हसायचे. "आल्या बघा वसुलीला!" म्हणायचे. पण हसत हसत बघायचे, आणि कधी कधी त्यांचं हसू मावळायचं.

नव्या साहेबांना हे रुचलं नाही. "अहो, तुम्ही दारोदार फिरून सांगता की यंत्र पडलं. माणसं घाबरतात. पडलं म्हणायचं नाही. ताजंतवानं झालं म्हणायचं."

"साहेब, एक तास रीतसर बंद करू द्या. आठवणीची एखादी पट्टी खराब असणार. दोन वाजता पाळी बदलते, सगळे एकदम लिहायला बसतात, तेव्हाच नेमका त्या पट्टीवर भार येतो. तपासते मी."

"इस्पितळ बंद असतं का कधी? आणि उठतंय की ते आपोआप!"

"उठतंय ते दिसतं हो. पडतंय कशानं, ते कुणी विचारत नाही."

साहेबांनी टेबलावरचा कागद सरळ केला. "अक्का, उद्यापासून फिरणं बंद. पुन्हा फिरताना दिसलात तर तळघराची किल्ली माझ्याकडे द्यायची."

ते काल झालं होतं. आज दोन वाजून पाच मिनिटांनी अक्का जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभ्या होत्या. वरच्या मजल्यावर साहेबांची काचेची खोली. तिथून सगळा जिना दिसतो. किल्ली पदराला बांधलेली होती. अक्कांनी ती मुठीत धरली, 'देवा, तूच बघ' म्हटलं आणि पाय उचलला.

तीन वॉर्ड निर्धोक निघाले. चौथ्यात मोठ्या सिस्टर औषधांचा ट्रे लावत होत्या. आताच पाळीवर आलेल्या.

"आलात? साहेबांनी काल तंबी दिली म्हणे."

"दिली. शेवटचं इथं कुणी लिहिलं?"

"धाकटीनं असेल. गेली ती. दोनला सुटते, बसची घाई असते तिला."

"काही सांगून गेली?"

"तोंडी निरोप बंद झालेत, अक्का. पडद्यावर असेल तेच खरं. साहेबांचाच हुकूम." सिस्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा, सगळं जिथल्या तिथं आहे. अडीचला पलंग अकराचं इंजेक्शन."

पलंग अकरावर एक म्हातारे मास्तर झोपले होते. तोंड उघडं, हात पांघरुणाबाहेर. अक्का जवळ गेल्या. मास्तरांच्या दंडावर लाल चट्टे उठले होते, मोहरीएवढे, कोपरापासून वर गेलेले.

अक्कांनी वाकून नीट पाहिलं. असे चट्टे त्यांनी याआधी एकदाच पाहिले होते.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. यंत्र अडकलं होतं, फोनवर फोन येत होते, सगळे ओरडत होते, आणि अक्कांनी घाईघाईनं यंत्राचं बटण दाबून धरलं होतं. निरोप नाही, उसंत नाही. मोजून पाच सेकंद. यंत्र पुन्हा सुरू झालं, सगळे खूश झाले. संध्याकाळी एका शिंप्याला त्याला न सोसणारं औषध दिलं गेलं, त्याच्या अंगावर उठलेले चट्टे घरी जाता जाता अक्कांनी पाहिले, आणि सकाळी त्याचा पलंग रिकामा होता. चौकशी झाली. 'औषध सोसत नाही अशी नोंद आढळली नाही.' दोष कुणाचाच नाही. आठवड्यानं त्याची मुलगी शोधत शोधत तळघरात आली. म्हणाली, "बाबांनी माझ्यासमोर सिस्टरना सांगितलं होतं. त्यांनी लिहिलेलं मी पाहिलं. मग ते गेलं कुठं, मावशी?"

माझ्या बोटाखाली गेलं, असं अक्कांना सांगायचं होतं. त्यांनी तिला पाणी दिलं. एवढंच जमलं त्या दिवशी. मग रात्री जागून, नोंद हातातून तबकडीवर कशी उतरते ते त्यांनी शोधून काढलं, अर्ध्या मिनिटासकट.

"सिस्टर, हे चट्टे बघा. टोचू नका. मी येईपर्यंत थांबा."

"घामोळं असेल ते. कशाच्या जोरावर थांबू? डॉक्टर शस्त्रक्रियेत आहेत. पडद्यावर अडीच म्हटलंय. पाच मिनिटं उशीर झाला तर माझ्या नावावर लाल खूण येते. ऐकताय ना?"

पण अक्का दाराबाहेर होत्या. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, तरी ही बाई धावत सुटली. जिना, दालन, फाटक. काचेच्या खोलीत कुणीतरी उठून उभं राहिलेलं त्यांना डोळ्याच्या कडेनं दिसलं. दिसू दे.

थांब्यावर बस लागलेली होती आणि धाकटी सिस्टर पायरीवर एक पाय ठेवून पिशवी वर ओढत होती.

"पोरी! गेल्या अर्ध्या मिनिटात..." अक्कांना दम लागला. "शेवटचं काय लिहिलंस?"

"अहो अक्का, घरी चाललेय मी! इथं पण?"

"अकराचं काय लिहिलंस?"

"मास्तरांचं? अंगावर उठलंय त्यांच्या. डॉक्टरांना विचारून इंजेक्शन बंद केलं. 'नोंद झाली' असं आलं मग निघाले."

"नाही झाली."

धाकटीनं पायरीवरचा पाय खाली घेतला. तिनं पिशवीतून फोन काढून वॉर्डात लावला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलेना. वाजणारच; सिस्टर ट्रे घेऊन पलंगापाशी गेल्या असणार. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मागं बस निघून गेली. मग धाकटी पुढं आणि अक्का मागं, अशा दोघी धावल्या.

मोठ्या सिस्टरांनी अडीचच्या ठोक्याला मास्तरांचा दंड कापसानं पुसला होता. सुई वर धरून तिच्यातली हवा काढत होत्या. दारातून धाकटी किंचाळली, "सिस्टर, नको!"

सुई हवेतच राहिली. तिच्या टोकाशी आलेला थेंब चादरीवर पडला.

मास्तर या गलक्यानं जागे झाले. "काय हो, परीक्षा सुरू झाली की संपली?"

मोठ्या सिस्टरांनी सुई ट्रेमध्ये परत ठेवली. अक्का दारातच टेकल्या होत्या, छातीचा भाता चाललेला. बऱ्याच वेळानं त्यांनी मास्तरांना सगळं सांगितलं, लपवाछपवी न करता. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे फळ्यावर लिहिलेलं वहीत उतरायच्या आत कुणीतरी पुसतंय?"

"बरोबर तेच."

"आणि तुम्ही वह्या तपासत फिरता."

चार वाजता साहेबांनी बोलावलं. धाकटीही आत येऊ पाहत होती; तिला बाहेर थांबवलं गेलं.

"झालं काय नेमकं?" साहेब आवाज न चढवता म्हणाले. "कुणाला इजा झाली?"

"नाही, साहेब."

"कुठली नोंद गहाळ आहे, दाखवा."

"ती परत लिहिली आता. सगळं आहे."

"म्हणजे बघा. इजा नाही, नोंद शाबूत, आणि तुम्ही सांगता अनर्थ होणार होता. अहवालात मी लिहू काय?" त्यांनी हात पुढं केला. "उद्यापासून खालच्या नोंदणीच्या खिडकीवर बसा."

पदराची गाठ सोडायला अक्कांना वेळ लागला. साहेबांचा हात तेवढा वेळ तसाच पुढं होता. किल्ली दिल्यावर अक्का म्हणाल्या, "कधी बंद करायची वेळ आली तर रीतसर करा. आधी सगळ्यांना सांगा. बटण दाबून धरू नका."

"ते आपोआप होतं सगळं," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खिडकीसमोर रांग होती. दोन वाजून तीन मिनिटांनी अक्कांच्या समोरचा पडदा काळा झाला. रांगेतला म्हातारा म्हणाला, "काय झालं हो?" अक्का निम्म्या उठल्या. समोरच्या भिंतीवर नोटीस होती, त्यांच्याच नावानं: जागा सोडू नये. त्या खाली बसल्या. बोटांवर मोजत राहिल्या. दीड मिनिटानं पडदा उजळला.

"काका, तुमचं नाव परत सांगता?"

"आत्ताच तर सांगितलं!"

"गेलं ते. परत सांगा."

नाव लिहून होतंय तोच खिडकीतला फोन वाजला. मोठ्या सिस्टर होत्या. "अक्का, तुमच्या मास्तरांनी डोकं खाल्लंय माझं! पडदा काळा झाला तसे पलंगावर उठून बसले आणि सगळ्या वॉर्डाला विचारत सुटले, 'गेल्या अर्ध्या मिनिटात काय लिहिलंत? वह्या उघडा!' हसून हसून पुरेवाट झाली आमची."

"काही गेलं होतं?"

पलीकडे सिस्टरांचा आवाज खाली आला. "एक गेलं होतं. पलंग चारचं. लिहिलं परत."

"मास्तर आहेत ना अजून?"

"शनिवारी घरी सोडणार."

अक्कांनी फोन ठेवला. रांग पुढं सरकली, कुणीतरी खिडकीत कागद सरकवला, पण त्यांनी हात लावला नाही. त्या फोनकडे बघत राहिल्या, पुन्हा वाजेल म्हणून. वॉर्ड सहा होते. फोन एकाच वॉर्डातून आला होता.

तर मंडळी, गोष्ट इथं थांबते. देणं-घेणं काही नाही, एक मागणं आहे. आज घरी जाऊन डोळे मिटण्याआधी त्या शिंप्याला एकदा आठवा. त्याचं नाव आता कुठली नोंद उघडून कुणी वाचायचं नाही. अक्का नऊ वर्षं ते रोज घेत आल्या. तुम्ही नुसतं 'तो शिंपी' म्हटलंत तरी पोचेल.