वेवजीच्या तंबूला खिडकी कशी आली

मित्रांनो, मी एक जुना तंबू आहे. माझ्या पाठीला एक चौकोनी भोक आहे. ते उंदरांनी पाडलेलं नाही, एका बाईने कोयत्याने कापलेलं आहे. ते का कापलं, हे मला आजवर कोणी विचारलं नाही, म्हणून आज मीच सांगतो.

जाड पिवळ्या प्लास्टिकच्या कापडातून मला एका कारखान्यात शिवलं. दार ठेवलं, खिडकी ठेवली नाही. नमुन्यात खिडकी नव्हती म्हणे. अंगावर ठळक अक्षरांत छापलं, ‘चार माणसांसाठी’, आणि गोदामात टाकून दिलं.

२०१८च्या नोव्हेंबरात डहाणू आणि तलासरीच्या गावांत जमीन हादरू लागली. पुढे दिवसातून दोन-तीनदा हादरे बसू लागले, तशी माणसं घरात झोपेनात. तेव्हा सगळ्यांना माझी आठवण झाली. त्यातल्याच वेवजी गावाच्या एका पाड्यावर, हिरीच्या अंगणात मला उभं केलं. हिरी, तिचा नवरा सुकऱ्या, मुलगा मिथुन, सून सुनिता आणि तीन नातवंडं, अशी सात माणसं माझ्यात राहू लागली. छापलेलं वाचायला कोणाला सवड होती? थंडीत मात्र ती एकमेकांच्या उबेला निजायची आणि मला धन्य वाटायचं.

मदतही येत होती. पण जीप डांबरी रस्त्याच्या आत शिरत नसे. रस्त्याकडेच्या घरांना तीन-तीनदा ब्लँकेटं मिळाली; आमच्याकडे बिस्किटं आली, तीही पुन्हा पुन्हा. सुनिताला आंघोळीसाठी आडोसा हवा होता. तो कोणाच्याच यादीत नव्हता. एकदा शहरातून एक मंडळ आलं. त्यांनी माझ्या कपाळावर भलामोठा फलक बांधला, हिरीच्या कुटुंबाला पुढे उभं करून फोटो काढले आणि फलक उतरवून परत नेला. दोरीसुद्धा ठेवली नाही.

फेब्रुवारीत ऊन तापलं आणि मी भट्टी झालो. सुकऱ्याला दमा होता. दुपारी माझ्यात त्याचा जीव घाबरा व्हायचा, म्हणून तो उठून घरात जाऊन पडायचा. त्या घराची विटांची भिंत हादऱ्यांनी तडकलेली होती, आणि तिच्याच कडेला त्याची खाट.

“घरात नको जाऊ,” हिरी रोज सांगायची.

“तंबूत मरू काय मग?” तो म्हणायचा आणि जायचा.

शेवटी तंबूंची नोंद घेणारे साहेब आले, तेव्हा हिरी म्हणाली, “साहेब, याला खिडकी होवी. आमचा म्हातारा आत गुदमरतो.”

“तंबू सरकारी आहे बाई. कापायचा नाही. अर्ज करा, वर पाठवतो.”

“कवा येल उत्तर?”

“ते मी कसं सांगणार?” साहेब म्हणाले आणि पुढच्या तंबूकडे गेले.

त्यांची गाडी वळते न वळते तोच हिरीने घरातून कोयता आणला. मी घाबरलो, खोटं कशाला सांगू. तिने माझी पाठ तीन बाजूंनी चरचर कापली, कापड वर गुंडाळलं आणि सुतळीने बांधलं. मागच्या चिकूच्या झाडाखालचा वारा पहिल्यांदाच माझ्या पोटात शिरला. सुकऱ्या आत येऊन बसला, थोडा वेळ खोकला आणि मग चक्क झोपला.

चौथ्या दिवशी भर दुपारी मोठा हादरा बसला. माझे खांब थरथरले. घराच्या बाजूने धडाड आवाज आला आणि सगळीकडे धूळ झाली. धूळ बसली तेव्हा दिसलं, की तडकलेली भिंत आडवी होऊन खाट पार विटांखाली गेली होती. सुकऱ्या माझ्यात होता. नुकताच जागा झालेला, खोकत, पण धडधाकट. हिरी त्याच्याजवळ बसली. त्याचा दंड तिने बराच वेळ सोडला नाही.

पावसाळ्याआधी तंबू परत न्यायला माणसं आली. त्यांच्यातल्या एकाने माझी पाठ पाहिली आणि कागदावर लिहिलं, ‘लाभार्थीने नुकसान केले’.

हिरी म्हणाली, “माणूस वाचला, ता कुठं लिवणार?”

त्याने कागद उलटून पाहिला. तशी जागा त्यावर नव्हती. मला निकामी ठरवून ते तिथेच सोडून गेले. पावसाळाभर पेंढा झाकायला मला त्यावर पसरलं होतं. मग ओला तसाच घडी केल्याने मला बुरशी लागली, शेळ्यांनी कोपरे चावले. कोणी साधं उन्हात वाळवलं नाही, याचा राग आहेच.

मित्रांनो, तंबू वाळवून ठेवा, एवढं तर मी सांगेनच. पण त्याहून मोठी विनवणी दुसरी आहे. कधी कोणाला मदत द्यायला निघालात, तर सामान गाडीत भरण्याआधी त्यांच्या अंगणात जा, बसा आणि विचारा, तुम्हाला काय हवं? हिरी काही फार मागणार नव्हती.