हेडफोनमध्ये गाणं नव्हतं

"काय गोड शब्द आहेत हो तुमचे," आपल्या बाळाला टोपी घालता घालता गाल्या म्हणाली. "लुबादी, किमोसा. माझ्यासुद्धा तोंडात बसले बघा."

हे शब्द तिच्या कानावर पडायलाच नको होते. बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत आठ महिन्यांचं बाळ आईच्या मांडीवर बसतं. एका बाजूच्या स्पीकरवर आधी ऐकवलेले बनावट शब्द लागतात, दुसऱ्या बाजूला कोरे नवे. बाळ कुठे जास्त वेळ बघतं ते मोजून, ऐकलेले शब्द त्याला ओळखू येतात का ते आम्ही ठरवतो. आईच्या हेडफोनमध्ये मोठ्यानं गाणी लावतो, कारण शब्द ओळखू आले तर ती नकळत बाळासकट तिकडे झुकते.

"गाणं कुठलं लागलं होतं?" मी विचारलं.

"गाणं? नव्हतं बाई. मला वाटलं, कान झाकायलाच दिलंय."

ती गेल्यावर बघितलं, तर गाण्याच्या आवाजाचं बटण शून्यावर. एप्रिलमध्ये त्या आवाजानं एक बाळ दचकून रडलं, तेव्हा मीच ते खाली केलं होतं. वर करायचं राहिलं. आणि एकाही आईनं तोंड उघडलं नाही! विद्यापीठात जे होतं ते मुद्दामच केलेलं असतं, अशी आमच्या लोकांची ठाम समजूत.

साठातली तेवीस बाळं एप्रिलनंतरची. गुरुवारी उपप्राध्यापकपदासाठी माझी समितीसमोर परीक्षा होती, आणि आठ वर्षं मी या एकाच निकालामागे घालवली होती. बसवेना. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. शेवटी चित्रफिती लावल्या. आया झुकत होत्या. जेमतेम बोटभर, पण झुकत होत्या. तेवीस बाळं वगळून पुन्हा हिशेब केला, तर निकालच उरला नाही.

प्राध्यापक स्तामेनोव्हांकडे गेले. माझे गुरू ते.

"अगं नेवेना, गुरुवार होऊ दे," ते म्हणाले. "मग सांग. बोटभर झुकणं कोण बघायला बसलंय?"

"मी बघितलं ना, सर."

परत येऊन समितीला दोन ओळींचं पत्र लिहिलं, अर्ज मागे घेतला आणि पाठवून टाकलं. मला स्वतःचा भयंकर राग आला होता.

थोड्या वेळानं सर दारात आले. "पाठवलंस?"

"हो."

"मूर्ख आहेस." ते जाईनात. चष्मा काढून पुसत राहिले. "माझ्या वेळी तर हेडफोनच नव्हते. आया सगळं ऐकायच्या. परीक्षेच्या आठवडाभर आधी माझ्या ते ध्यानात आलं. मी माझी परीक्षा होऊ दिली."

ते बोलत होते त्याच प्रयोगावर त्यांचा सर्वात गाजलेला शोधनिबंध उभा होता. तो खरा धरूनच मी आठ वर्षांपूर्वी कामाला लागले होते.